अकरा डब्या

धाकट्या लेकीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षी, मुली जेमतेम दीड महिन्याच्या असताना, एका मंगळवारी सकाळी तारमास्तरांनी सदऱ्याच्या टोकाला चष्मा पुसला आणि पडद्यावरच्या ओळी बोटानं पुन्हा मोजल्या. अकरा. आधीही अकराच आल्या होत्या. तिसऱ्यांदा मोजताना बोट सातव्या ओळीवर थांबलं. हातातली कपबशी त्यांनी न बघताच टेबलावर ठेवली, ती अर्धी काठाबाहेर राहिली.

मास्तरांची उभी हयात टेलिफोनच्या तारा जमिनीत पुरण्यात गेली होती. नोकरी सुटली, तारांचे दिवसही सरले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. आता ते वस्तीचं जाळं बघत. बघत म्हणजे मालकीनं नव्हे. त्या जाळ्याला मालक नव्हताच, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य होतं.

वस्ती उतारावर होती. माथ्यावर बंद पडलेली खाण, खाणीच्या गाळाचा तलाव, आणि तो तलाव अडवून धरणारा मातीचा बांध. कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली होती. बांध मागे राहिला, आणि त्याच्याखाली माणसं राहिली. कड्याच्या आडोशाला मोबाईल चालत नसे, म्हणून लोकांनी आपलं जाळं आपणच विणलं. प्रत्येक छपरावर तळहाताएवढी एक डबी. एका घरानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. बांधावर मापाची काठी होती. पाणी किती चढलं, किती उतरलं, हे काठीपासून निघून घरोघर फिरत शेवटच्या छपरापर्यंत पोचे. आणि जीव घेऊन पळायची वेळ आली तर सगळ्या डब्यांचे भोंगे एकदम वाजायचे.

सुरुवातीला एकोणीस घरं होती. आता एकशे चाळीस झाली होती, आणि मास्तरांची झोप त्या वाढीनंच उडवली होती.

नवं घर जाळ्यात कसं यायचं, याची रीत ठरलेली होती. नवखा माणूस गल्लीत आला की पहिल्या दारात विचारतो, इथे कोण कोण राहतं? तशी नवी डबी एखाद्या ओळखीच्या घराला हाक मारी. ते घर तिला आपले शेजारी सांगे, शेजारी त्यांचे शेजारी सांगत, आणि मग ती डबी त्यांतले जवळचे, खणखणीत आवाजाचे चार धरून बसे. चारच. त्याहून जास्त तिला झेपत नसत. मात्र पहिले चाळीस दिवस तिला सगळे पाहुणा म्हणत. पाहुण्यानं सगळ्यांचं ऐकायचं, इतरांचे निरोप पुढे वाहायचे; पण त्याचा स्वतःचा निरोप शेजारच्या घरापाशी अडायचा. एखाद्या जुन्या घरानं तो वाचून दुजोरा दिला, तरच पुढे जायचा.

ही अट फुकाची नव्हती. पहिल्याच वर्षी एका भाडेकरूनं आल्या दिवशी डबी बसवली आणि गंमत म्हणून भोंगा फुंकला. सगळी वस्ती पायऱ्यांवरून पळत सुटली होती. तेव्हापासून दुधानं तोंड पोळल्यासारखी मास्तरांची गत झाली होती. ताकच काय, ते पाणीही फुंकून पीत.

आणि आता हे अकरा पाहुणे. शनिवारी दुपारी, एका तासाच्या आत, सगळे ओढ्याकाठच्या नव्या आळीतून आलेले.

अकरा आले याचं त्यांना एवढं वाटलं नसतं. पण प्रत्येक डबी दर मिनिटाला आपली खुशाली कळवते, आणि त्यात बॅटरी किती उरली तेही असतं. दोन घरांच्या बॅटऱ्या कधी सारख्या चालत नाहीत. या अकरांच्या एकाच क्षणी खाली जात होत्या, एकाच क्षणी वर येत होत्या. डब्या अकरा, पण श्वास एकाचाच.

मास्तरांनी अशा गोष्टी ऐकल्या होत्या. एकच माणूस दहा तोंडं लावून जाळ्यात शिरतो. मग एखादं घर हेरतो आणि चारी बाजूंनी त्याला वेढतो. त्या घराला वाटतं, आपल्याला चार शेजारी आहेत. खरं तर एकच असतो, आणि तो सांगेल तेवढंच त्या घराला कळतं. बाहेर भोंगे वाजत असले तरी त्या घरात शांतता.

सातव्या ओळीतल्या डबीनं वळणावरचं घर धरलं होतं. त्यांनी ओळीवरचं बोट उचललं आणि त्या घराचे शेजारी उघडून पाहिले. ते धाकटीचं घर. जुन्या वस्तीतलं शेवटचं, त्याच्या खाली नवी आळी सुरू होई. गेल्या आठवड्यापर्यंत तिच्या डबीचे चारही शेजारी जुने होते. आता त्यांतला एकच उरला होता. बाकीचे तीन त्या अकरांतले होते.

तेवढ्यात टेबलावरची हातडबी खरखरली.

"बाबा, आहात ना?"

"बोल."

"या डबीला काय झालंय? पिवळा दिवा सारखा लुकलुकतोय. परवापासून. एक झोपली की दुसरी उठते, त्यात हा दिवा. शेवटी त्याच्यावर दुपटं टाकलं मी."

"परवापासून? आणि आज सांगतेस?"

"दोन पोरींतून हात मोकळा झाला की सांगणार ना! पाहुण्यांपैकी कोणी दुजोरा मागतंय वाटतं. उघडून वाचू का?"

"नको!"

ते इतक्या मोठ्यानं बोलले की पलीकडे एक मुलगी दचकून रडू लागली. मास्तरांनी आवाज खाली आणला.

"हात लावू नकोस. दुपटं तसंच राहू दे. कोणी तरी तुझ्या दाराशी उभं राहून कडी वाजवतंय, पोरी. आपण कडी काढायची नाही."

"मला घाबरवू नका हं, बाबा. हेही घरी नाहीत, ट्रक घेऊन गेलेत ते पंधरा दिवसांशिवाय यायचे नाहीत."

"घाबरवत नाही. सांगतोय."

"बरं. नाही वाचत."

मास्तरांनी चपला घातल्या. डाव्या पायात उजवी गेली, ती काढून पुन्हा घातली.

औषधवालीचं दुकान चार घरं सोडून होतं. जाळ्यातलं पहिलं घर मास्तरांचं, दुसरं तिचं. बाई पन्नाशीची, चष्म्यावरून बघणारी, जिभेवर तिखट. गिऱ्हाईक नव्हतं. ती डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या फडताळात लावत होती.

"मास्तर, रक्तदाबाची गोळी घेतली का आज? चेहरा बघा आरशात."

"बाई, शटर अर्धं ओढा."

"का? मला पळवून न्यायचा बेत आहे? या वयात?"

पण मास्तर हसले नाहीत, तेव्हा तिनं शटर ओढलं. त्यांनी हातडबीवर अकरा ओळी दाखवल्या, श्वास दाखवला, वळणावरचं घर दाखवलं. तिनं ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या.

"अकरा घरं असतील हो. नव्या आळीत माणसं राहतात, भुतं नाहीत."

"अकरा घरं, मग बॅटरी एकदम कशी उतरते? आत्ता बघा. उतरली. सगळ्यांची."

"जाऊन बघा तरी आधी. पाय आहेत ना?"

"मी पोचेपर्यंत तिचा चौथा शेजारीही गेला तर? दोन तान्ह्या पोरी आहेत त्या घरात, बाई. बांधावर उद्या काही झालं आणि तिच्या डबीला कळलंच नाही तर?"

"बांधाचं पाणी उतरतंय की. आज सकाळी काठीनं सांगितलं, दोन बोटं उतरलं. लोक खुशीत आहेत."

"काठीनं सांगितलं ते ठीक. मी माणसांचं बोलतोय."

आतल्या खोलीतून चाकाच्या खुर्चीचा आवाज आला. औषधवालीची आई पाणी मागत होती. त्या पहिल्या वर्षीच्या खोट्या भोंग्याला म्हातारी पायऱ्यांवरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडून बसली होती. औषधवाली आत गेली, पाणी देऊन आली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरली होती.

"चुकलो तर?"

"चुकलो तर परत घेऊ. चाळीस दिवस पहिल्यापासून मोजायचे, एवढंच."

"एवढंच," ती म्हणाली.

पहिल्या एकोणिसांतल्या दोन घरांनी एकदम बोट ठेवलं की कुठलीही डबी जाळ्याबाहेर जाई. मग तिचं कोणी ऐकत नसे आणि तिला कोणी सांगत नसे. मास्तरांनी आपल्या हातडबीवर बोट ठेवलं, औषधवालीनं गल्ल्याशेजारच्या आपल्या डबीवर. अकरा वेळा. आठव्या वेळी तिचं बोट जरा रेंगाळलं, पण तिनं ते टेकवलं.

दुपारी धाकटीचा आवाज आला.

"बाबा, दिवा बंद झाला. दोघीही झोपल्यात. काय केलंत?"

"कडी लावली," मास्तर म्हणाले. तिच्या डबीनं पुन्हा आपले जुने चार शेजारी शोधून धरले होते. त्या दिवशी त्यांना पोटभर जेवण गेलं.

बुधवारी सकाळी साडेआठला ते निघाले. पिशवीत पेचकस, पक्कड, हातडबी. हातात जाड काठी. तोडलेल्या डब्या उतरवून आणायच्या आणि कोणाच्या ते बघायचं, असा बेत होता. बघायचं म्हणताना काठीवरची मूठ आपोआप घट्ट होत होती. वळणावर धाकटी दुपटी वाळत घालत होती.

"काठी कधीपासून, बाबा?"

"खाली कुत्री असतात."

"खाली एकही कुत्रं नाही."

ते उतरत राहिले.

नवी आळी म्हणजे ओढ्याच्या कडेनं अकरा घरांची एक ओळ. पत्र्याची छपरं, गिलावा न केलेल्या भिंती, दाराबाहेर पाण्याचे ड्रम. विजेचे खांब वळणापर्यंतच आले होते. शिवणयंत्राची धडधड ऐकू येत होती. मास्तर आवाजाच्या दिशेनं गेले आणि एका घरापुढे थबकले.

एका लोखंडी खांबावर अकरा डब्या होत्या. खालपासून वरपर्यंत नीट ओळीनं बांधलेल्या, आणि प्रत्येक डबीला वेगळ्या कापडाची चिंधी. सगळ्यांच्या तारा एकत्र वळून खिडकीतून आत गेल्या होत्या.

धडधड थांबली. दारात चाळिशीची एक बाई आली. गळ्यात मापाची फीत, ओठांत दोन टाचण्या. त्या काढून तिनं बाहीला खोचल्या.

"डबीवाले मास्तर ना? बरं झालं आलात. कालपासून सगळ्या मुक्या झाल्यात."

"या सगळ्या तुमच्या?"

"माझी एक. ती निळ्या चिंधीची. बाकी ज्याची त्याची. लाल पट्ट्यांची कुलूपवाल्या काकांची, फुलाफुलांची शेजारणीची. उद्या कोणी म्हणायला नको, माझी डबी तिनं घेतली."

"मग इथे का? एकाच खांबावर?"

"दुसरीकडे वीज कुठंय? यंत्रासाठी मी सोलर घेतला, बॅटरी घेतली. म्हटलं, आणा सगळ्यांनी इथेच. शनिवारी ओळीनं बसवल्या, शाळेत नावं घालतात तशा." ती हसली. "माझं यंत्र चाललं की बिचाऱ्या सगळ्या एकदम दमतात. थांबलं की पुन्हा तरतरी."

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरून पडली, तरी त्यांनी उचलली नाही.

"एवढं काय झालं?" शिवणवालीनं विचारलं. "बसा जरा. धाप लागलीय तुम्हाला."

"तुम्ही काही निरोप पाठवला होता?"

"एक का? आम्ही पाहुणे, हे ठाऊक आहे मला. चाळीस दिवस आमचं कोणी धरायचं नाही. म्हणून सगळ्यांना म्हटलं, माझ्या एकटीचं कोण ऐकणार, अकराही घरांनी सांगा. रविवारी सांगितलं. सोमवारी सांगितलं. काल सकाळी सांगितलं. वळणावरच्या घरापाशी जाऊन सगळं अडत असणार. बाळंतिणीचं घर, दोन पोरी, म्हणून दार वाजवायला गेले नाही. आज तुमच्याकडे यायचंच होतं, एवढी वीस पोती शिवून झाली की."

"काय सांगितलं?"

"ओढा गढूळ झालाय."

मास्तर उठले. शिवणवाली पुढे, ते मागे. घराच्या मागं पंधरा पावलांवर ओढा होता. बांधाच्या पायथ्यापासून निघणारा, वर्षाचे बारा महिने करंगळीएवढ्या धारेनं वाहणारा. थंडीचे कोरडे दिवस होते, महिनाभर आभाळात ढग नव्हता. धार आता मनगटाएवढी झाली होती, आणि तिचा रंग दूध घातलेल्या चहासारखा होता.

गुडघे धरून ते खाली बसले आणि पाण्यात हात घातला. बोटं एकमेकांवर चोळली. बोटांत बारीक कण करकरले.

तीस वर्षं त्यांनी चर खणले होते. ओल्या मातीची भिंत कशी बोलते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. भिंतीतून स्वच्छ पाणी झिरपतं तोवर ती नुसती घामेजलेली असते. गढूळ पाणी यायला लागलं की ते पाणी नसतं. भिंतच थोडी थोडी वाहून येत असते. तलाव दोन बोटं उतरला होता तो उन्हानं नव्हे. इथून उतरला होता.

"मास्तर?"

त्यांनी पिशवीतून हातडबी काढली. जुन्या घराचा शब्द. त्याला कोणाचा दुजोरा लागत नव्हता. अंगठा भोंग्याच्या बटणावर होता. त्यांनी दुसरा हात त्याच्यावर ठेवून दाबलं.

आधी वळणावरून आवाज आला. मग त्याच्या वरून, मग उजवीकडून, मग अख्ख्या उतारावरून. एकशे एकोणतीस भोंगे. दारं उघडल्याचे, हाका मारल्याचे आवाज खालपर्यंत आले.

नव्या आळीत काहीच वाजलं नाही. फुलाफुलांच्या चिंधीची शेजारीण ड्रममधून पाणी काढत होती. तिनं वर पाहिलं आणि ती पुन्हा वाकली. वरच्या लोकांचं काहीतरी चाललंय, अशा समजुतीनं.

शिवणवालीनं आपल्या खांबाकडे पाहिलं.

"आमच्या का नाही वाजत?"

मास्तरांनी हातडबी खाली केली.

"मी तोडल्यात. काल. मला वाटलं..." त्यांनी वर, वस्तीकडे पाहिलं. "परत जोडणं हातडबीवरून होत नाही, घरी जावं लागेल. वेळ नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं गळ्यातली फीत काढून खिशात कोंबली.

"मग तोंडानं वाजवू," ती म्हणाली. "ओळीची वरची सहा तुमची. खालची पाच माझी."

"खालची मी घेतो."

"गुडघे बघा तुमचे. चला, निघा!"

मास्तर निघाले. पहिल्या दारावर त्यांनी तळहात आपटला, दुसऱ्यावर मूठ. तिसऱ्या घरातला माणूस म्हणाला, "डबी तर वाजली नाही!" मास्तरांनी त्याच्या बनियनला धरून त्याला बाहेर ओढलं आणि वर बोट दाखवलं. चौथ्या घरातली म्हातारी चपला शोधत होती. तिला तिच्या मुलानं पाठीवर घेतलं. पाचवं. सहावं. मागून शिवणवालीचा आवाज येत होता, कडक, खणखणीत, गिऱ्हाइकाला झापावं तसा. "पोरं उचल, पेटी राहू दे! कपडे शिवून देईन मी तुला नवे!" खालच्या घरांतली माणसं मास्तरांना मागे टाकून वर पळू लागली. एका घरची. दुसऱ्या घरची. मास्तर मोजत होते. चार घरची माणसं गेली. पाचवं, अगदी टोकाचं, कुलूपवाल्या काकांचं. काका ऐकायला कमी आणि एकटे. दाराला आतून त्यांनी स्वतः बनवलेलं कुलूप.

वळणावर धाकटी उभी होती. दोन्ही काखांत दोघी, पायात काही नाही.

"बाबा, इथून! या इकडून!"

"तू का थांबलीस? चल वर!"

"तुम्ही दिसत नव्हता!"

त्यांनी एक मुलगी तिच्याकडून घेतली. घेताना मागे वळून पाहिलं. ओळीच्या टोकाला, बंद दारापाशी, कोणी तरी दोन्ही हातांनी दार बडवत होतं. इतक्या लांबून आवाज येत नव्हता, फक्त हात दिसत होते.

आधी गार वारा आला, ओल्या मातीच्या वासाचा. मग गाळाचा लोंढा आला.

वस्तीच्या वरच्या टोकाला, ओढ्यापासून दूर उंच खडकावर शाळा होती. तिच्या मोठ्या खोलीत लोकांनी मुक्काम टाकला. शुक्रवारपर्यंत गाळ घट्ट झाला होता आणि मोजदादही झाली होती. वळणाच्या खाली एकही घर उभं नव्हतं. माणसं सगळी होती, एक सोडून.

डब्यांवर निरोप येत होते. मास्तरांमुळे वाचलो. मास्तरांनी वेळेवर ओळखलं. कोणी त्यांच्यापुढे चहा ठेवून जाई, कोणी नुसतं खांद्यावर हात ठेवून जाई. मास्तर कोपऱ्यात सतरंजीवर बसून होते. खांद्यावर हात पडला की ते अंग चोरत. वाटे, हा हात आता विचारणार, तुम्हाला कधी कळलं? कोणी विचारत नव्हतं. त्यानं भीती कमी होत नव्हती.

कुलूपवाले काका भिंतीला टेकून बसले होते. ज्याला त्याला तेच सांगत होते, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं.

"मी तर आधीच निघालो होतो हो. खिडकीतून लोकं पळताना दिसली, तसा मागच्या पायवाटेनं वर. दार आतून लावलेलं राहिलं. ती माझ्याच दारावर होती म्हणे. मला कोण सांगणार? तिला तरी कोण सांगणार?"

दुपारी औषधवाली आली. जाळ्यातलं कोणी वारलं की पहिल्या घरानं सगळ्यांना कळवायचं, अशी रीत होती. कळवलेलं प्रत्येक डबी आपल्यापाशी ठेवून घेई. एकदा गेलं की मग ते कोणाला पुसता येत नसे, पाठवणाऱ्यालाही नाही.

"लोक वाट बघतायत निरोपाची," ती म्हणाली. शेजारी बसली. "नुसतं कोण आणि कधी तेवढं टाका. बाकी आता कशाला उकरायचं? त्यानं ती परत येणार आहे?"

मास्तरांनी हातडबी मांडीवर ओढली.

धाकटी पलीकडे पाठ करून एकीला पाजत होती. मान न वळवता म्हणाली, "मी वाचणार होते, बाबा."

"होय."

"दुपटं काढलंही होतं. तुम्ही नको म्हणालात."

"होय, पोरी. मीच म्हणालो."

मुलीच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता, तो थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

मास्तरांनी चष्मा लावला. अक्षरं एकेक शोधून ते लिहू लागले. एका ओळीला बराच वेळ लागला, दुसरीला त्याहून जास्त. बोटं घामानं घसरत होती, ती ते सदऱ्याला पुसत होते. खोलीत पाऊणशे माणसं होती. या सगळ्यांच्या डब्या आता वाजतील आणि सगळे एकदम खाली बघतील, मग वर बघतील, हे त्यांना दिसत होतं.

लिहून झालं तसं त्यांनी ते औषधवालीपुढे धरलं. तिनं चष्म्यावरून वाचलं, मग चष्मा लावून वाचलं. दाराबाहेर तिची आई खुर्चीत उन्हाला बसली होती. तिकडे तिनं एकदा पाहिलं.

"हे 'मी' नको," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बोटं दोघांची होती, मास्तर. 'आम्ही दोघांनी' करा."

त्यांनी तेवढं बदललं. मग अंगठा ठेवला आणि दाबला. खोलीत एकेक डबी वाजू लागली.

'ओढा गढूळ झाल्याचं नव्या आळीतल्या शिवणवालीनं आणि तिच्या दहा शेजाऱ्यांनी रविवारी कळवलं होतं, सोमवारी कळवलं होतं आणि मंगळवारी कळवलं होतं. आम्ही ते वाचलं नाही. मंगळवारी आम्ही दोघांनी त्यांच्या अकरा डब्या तोडल्या. शिवणवाली बुधवारी सकाळी पावणेदहाला गेली.'